फॉरमॅट मारण्याआधी

कॉम्प्युटर अडला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेले असते: ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ मग डबा रिक्षात घालून दुकानात जातो, दोन दिवसांनी परत येतो, पैसे चुकते होतात. नेमके काय बिघडले होते हे मालकाला कळत नाही आणि पुष्कळदा दुरुस्त करणाऱ्यालाही कळलेले नसते. लग्नाचे फोटो गेलेले असतात, मुलीचा प्रोजेक्ट गेलेला असतो. मशीन मात्र ‘नव्यासारखे’ चालू असते. या रिवाजाकडे पुन्हा बघायची वेळ १४ ऑक्टोबर २०२५ या तारखेने आणली. त्या दिवशी विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते आणि प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे २०१६ साली हौसेने घेतलेले, आजही ठणठणीत असलेले मशीन एका रात्रीत ‘जुने’ ठरले.

अशा घरापुढे चार वाटा आहेत. एक, मायक्रोसॉफ्टने देऊ केलेली ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ घ्यायची. दोन, नवे मशीन घ्यायचे. तीन, आहे तेच तसेच रेटायचे. ही वाट सर्वांत जास्त लोक धरतात आणि बँकेचे व्यवहार त्याच मशीनवर होत असतील तर तीच सर्वांत वाईट. चौथी वाट लिनक्सची. तिचे गोडवे सध्या जोरात गायले जातात आणि तिची भीतीही तितक्याच जोरात घातली जाते. दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात अशा आहेत.

आधी जमेची बाजू. लिनक्स मिंट किंवा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती फुकट उतरवून घेता येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षा अपडेट मिळतात. क्रॅक केलेले विंडोज वापरताना मनात जी चोरटी धाकधूक असते ती इथे नाही. पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते. हार्ड डिस्कला हात न लावता वाय-फाय मिळते का, आवाज येतो का, पडदा नीट दिसतो का, हे आधीच तपासता येते. घरातली वस्तू अशी चाखून घ्यायची सोय सहसा मिळत नाही. मिंट आरामात चालण्यासाठी ४ जीबी रॅम सुचवते. अर्थात ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडणाऱ्याला ४ जीबी कोणत्याही सिस्टिमवर अपुरेच पडणार, आणि मशीन खरेच पळवायचे असेल तर जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणे हा सिस्टिम बदलण्याहून मोठा उपाय आहे. मराठीचे म्हणाल तर इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन-चार क्लिकमध्ये चालू होतो आणि युनिकोड देवनागरी नीट दिसते.

सामान्य माणसांना हे झेपते का, या शंकेला केरळने उत्तर दिलेले आहे. तिथल्या सरकारी शाळांतले संगणक सुमारे दोन दशके मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. शिक्षक शिकवतात, मुले शिकतात. पण हे उदाहरण देणारे त्यातला अर्धा भाग गाळतात. केरळने नुसत्या सीडी वाटल्या नाहीत. शिक्षकांना प्रशिक्षण दिले, शाळांसाठी वेगळी आवृत्ती बांधली, अडल्यावर धावून येणारी यंत्रणा उभी केली. घरी ही यंत्रणा कोण? या प्रश्नापाशी पुन्हा येऊ.

लिनक्सचा खरा गुण फुकटपणात नाही. ते बिघडले तरी बहुतेक वेळा बोलते, हा तो गुण. उदाहरण आपल्या परिचयाचे घेऊ. मे महिन्यातली दुपार, कॉम्प्युटर चालू, आणि वीज गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. तासाभराने वीज आली, बटण दाबले, तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आणि खाली कंसात ‘इनिटरॅमएफएस’ असा शब्द लुकलुकतो आहे. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण वरच्या ओळी सावकाश वाचल्या तर त्यात सरळ लिहिलेले असते, की डिस्कच्या अमुक भागावरच्या नोंदींत विसंगती सापडली आहे, ‘एफएससीके’ हाताने चालवा. ती कमांड आणि पुढे त्या भागाचे नाव टाइप करायचे, विचारलेल्या प्रश्नांना ‘वाय’ म्हणायचे आणि मशीन पुन्हा सुरू करायचे. वीज अचानक गेल्याने अर्धवट राहिलेले लिखाण जुळवून घेतले जाते आणि बहुतेक वेळा डेस्कटॉप होता तसा समोर येतो. पाच-दहा मिनिटांचे काम. हीच गोष्ट दुकानात गेली असती तर ‘हार्ड डिस्क गेली’ किंवा ‘फॉरमॅट’ यांपैकी एक निकाल ठरलेला होता.

मात्र याच प्रसंगाची दुसरी बाजू आहे. वीज न जाताही हा पडदा आठवड्यातून दोनदा दिसू लागला, तर रोग वेगळा असतो. डिस्क मरणपंथाला लागलेली असू शकते. तेव्हा दुरुस्तीची कमांड पुन:पुन्हा चालवणे म्हणजे मोडक्या पायाने पळायला लावणे. आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून फोटो आणि कागदपत्रे बाहेर काढायची, मग डिस्कच्या तब्येतीचा ‘स्मार्ट’ अहवाल बघायचा, हा क्रम. पडदा एकच, ओळ एकच, उपाय उलटे. मशीन बोलते हे खरे, पण त्याचे बोलणे कोणत्या वेळी कसे घ्यायचे हे ऐकणाऱ्याला कळावे लागते.

दुसरा नेहमीचा प्रसंग तर गमतीचा वाटावा असा. पासवर्ड टाकला, बरोबर आहे, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा पासवर्डच विचारू लागला. घरचे म्हणतात व्हायरस आला. अनेकदा कारण एवढेच असते, की डिस्क काठोकाठ भरली आहे आणि लॉगिन करताना लागणारी चिमूटभर फाइल लिहायलाही जागा उरलेली नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून अक्षरांच्या पडद्यावर जायचे, ‘डीएफ’ कमांडने कुठे किती जागा आहे ते बघायचे. मग सापडतात जुने कर्नल (सिस्टिमचे गाभे), फुगलेल्या नोंदवह्या, आणि पुष्कळदा टाइमशिफ्ट या साधनाने घेऊन ठेवलेले स्नॅपशॉट. म्हणजे सुरक्षिततेसाठी ठेवलेल्या प्रतींनीच मशीन अडवलेले असते. त्यात आणखी एक फसगत असते. टाइमशिफ्ट मूळ मांडणीत सिस्टिम जपते, तुमचे फोटो जपत नाही. ज्याने त्यालाच बॅकअप समजून निर्धास्त व्हायचे ठरवले, त्याचे नुकसान फॉरमॅटवाल्यापेक्षा कमी होत नाही.

आता खर्चाची बाजू, आणि ती लहान नाही. झेरॉक्सच्या दुकानांतून आणि घरांतून दिसणारे काही छोटे लेझर प्रिंटर विंडोजवर निमूट चालतात, लिनक्सवर एक रविवार खाऊन टाकतात. जुन्या लॅपटॉपातल्या काही वाय-फाय चिपांना वेगळा ड्रायव्हर लागतो. तो इंटरनेटवरून घ्यायचा आणि इंटरनेट तर वाय-फायशिवाय नाही. फोन यूएसबीने जोडून ही कोंडी फुटते, पण ते सुचायला हवे. ज्याची रोजीरोटी टॅलीवर आहे त्याने उत्साहाच्या भरात विंडोज पुसू नये. मराठी छपाईच्या व्यवसायात तर हा प्रश्न जास्त खोल आहे. श्रीलिपीसारख्या प्रणालींत, पेजमेकर आणि कोरलड्रॉच्या फाइलींत वर्षानुवर्षांचे मराठी लेखन अडकून आहे. ते युनिकोड नाही आणि ती साधने विंडोजसाठी बनलेली आहेत. डीटीपी करणाऱ्याला ‘लिनक्स घ्या, फुकट आहे’ असे सांगणे हा अडाणीपणा आहे. त्याचे भांडवल त्या फाइलींत आहे.

आणि मदत? गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला विंडोज येते. एमएस-सीआयटी केलेल्या घरातल्या मोठ्यांचा हात विंडोजवरच बसलेला आहे. लिनक्सविषयीचे बहुतेक मार्गदर्शन इंग्रजीत आहे आणि त्यातले बरेचसे जुन्या आवृत्त्यांचे. त्यातून एक नवीच सवय लागते. कुठली तरी कमांड उचलायची, पुढे ‘सुडो’ लावायचे, पासवर्ड द्यायचा आणि देव पाण्यात घालून बसायचे. न कळता चिकटवलेली कमांड आणि न कळता मारलेला फॉरमॅट यांत गुणात्मक फरक काही नाही. पहिलीत आपणच आपले दुरुस्तीवाले असतो इतकेच.

सुरक्षेच्या दाव्यालाही दोन्ही बाजूंनी तपासावे लागते. २०२४ च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’ या फाइली आवळण्याच्या साधनात चोरदरवाजा सापडला. कुणी एकाने सुमारे दोन वर्षे सज्जन सहकाऱ्याचे सोंग घेऊन, प्रकल्पाचा विश्वास मिळवून, तो बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दुसऱ्याच कामात दिसले, की दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्याने माग काढला आणि कट उघडा पडला. फ्रॉइंड नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये. मुक्त सॉफ्टवेअरचे समर्थक म्हणतात, कोड उघडा होता म्हणून सापडला. टीकाकार म्हणतात, उघडा असूनही आत शिरला आणि सापडला तो नशिबाने. दोघेही खरे बोलतात. घरगुती वापरासाठी त्यातला धडा साधा आहे: तो कोड डेबियन या लिनक्सच्या चाचणी आवृत्त्यांत पोचला होता, स्थिर आवृत्तीत नाही. नव्याची हौस ज्याने आवरली तो वाचला.

‘मग दोन्ही ठेवा’ हा मधला मार्गही पुष्कळ जण सुचवतात. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स, चालू करताना निवड. चांगला मार्ग आहे, पण त्यालाही मशागत लागते. गमतीचा नमुना घड्याळाचा. मदरबोर्डवरचे घड्याळ विंडोज स्थानिक वेळेचे मानते, लिनक्स जागतिक वेळेचे. त्यामुळे लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेले की सकाळचे दहा वाजलेले असताना ते पहाटेचे साडेचार दाखवते. बरोबर साडेपाच तासांचा फरक पाहून ज्याला भारतीय प्रमाणवेळ आठवते त्याला एका कमांडचे काम. ज्याला आठवत नाही तो मदरबोर्डचा सेल बदलून येतो आणि फरक तसाच राहतो.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर दिसते ते असे. देखभाल दोन्हीकडे आहे. विंडोजच्या आपल्या रिवाजात ती दुकानदाराकडे सोपवलेली असते आणि तिची किंमत पैशात व हरवलेल्या फाइलींत मोजली जाते. लिनक्समध्ये ती घरात येते आणि किंमत वेळात मोजली जाते. म्हणून कोणती सिस्टिम चांगली हा प्रश्न दुसरा. घरात हे बघणार कोण, हा पहिला. केरळच्या शाळांत ती जागा सरकारने भरली; घरात ती कुणा एकाला भरावी लागते. त्याला इंजिनिअर असण्याची गरज नाही. महिन्यातून अर्धा तास बसण्याची तयारी आणि इंग्रजी ओळ न घाबरता वाचण्याची सवय पुरते.

त्या अर्ध्या तासात करायचे काय? अपडेट घ्यायचे. डिस्कवर किती जागा उरली ते बघायचे. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्यायचा आणि त्यातली एखादी फाइल उघडूनही बघायची, कारण न उघडलेला बॅकअप हा नुसता समज असतो. चालू असलेल्या कर्नलच्या मागचा एक राहू द्यायचा, म्हणजे नवा रुसला तर सुरुवातीच्या मेनूतून जुना निवडता येतो. नवी आवृत्ती आली त्याच दिवशी तिच्यावर उडी मारायची नाही. लिनक्सचा पेनड्राइव्ह खणात तयार ठेवायचा आणि यूपीएसची मेलेली बॅटरी बदलायची.

निकाल द्यायचाच तर आमचा असा. ज्या घरात कॉम्प्युटरचा उपयोग ब्राउझर, पत्रव्यवहार, व्हिडिओ आणि मुलांच्या अभ्यासापुरता आहे आणि बघणारे एक माणूस आहे, तिथे विंडोज १० च्या जुन्या मशीनवर लिनक्स घालणे शहाणपणाचे. जिथे व्यवसायाचे सॉफ्टवेअर विंडोजला बांधलेले आहे, तिथे मुदतवाढ घ्यावी, नव्या मशीनसाठी पैसे बाजूला काढावेत आणि लिनक्सची ओळख जुन्या लॅपटॉपवर करून घ्यावी. जिथे बघणारे कुणीच नाही, तिथे लिनक्स बसवून निघून जाणारा हौशी भाचा उपकार करत नाही. तो पुढची अडचण मागे ठेवून जातो. अगदी जुन्या ३२-बिट मशीनबद्दलही भ्रमात राहू नये: डेबियनसारख्या सोशिक प्रकल्पानेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत त्यांच्यासाठीचा इन्स्टॉलर बंद केला.

कोणतीही वाट धरा, एक दोनशे पानी वही मात्र कॉम्प्युटरशेजारी ठेवा. पडद्यावर जे दिसले ते अक्षर न अक्षर तीत उतरवा, कोणत्या उपायाने सुटले तेही लिहा, तारीख घाला. फॉरमॅट मारायचाच असेल, तर तो ती ओळ वाचून झाल्यावर मारा.