आई असलेली अनाथ मुले

'अनाथ' म्हटले की आईबाप मरण पावलेले मूल डोळ्यांपुढे येते. परंतु इंग्रजी अमदानीत महाराष्ट्रात निघालेल्या सुरुवातीच्या काही बालगृहांचा इतिहास पाहिला, तर वेगळेच चित्र दिसते. तेथे जन्मलेल्या मुलांच्या आया जिवंत होत्या. त्यांना आई म्हणवून घेण्याची मात्र सोय नव्हती.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला, पण तो बहुतेक कागदावरच राहिला. बालविधवेला दिवस गेले की तिच्यापुढे विहीर तरी उरे, नाही तर जन्मलेल्या जिवाचा गळा. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे ती सौम्य झाली. तिला त्या प्रसंगात लोटणाऱ्या पुरुषाचे काय, हा प्रश्न ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना'मागे होता.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी त्याआधीच, १८६३ मध्ये, पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते. विधवेने गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल न्यायचे की ठेवायचे हे तिनेच ठरवावे, अशी तेथील रीत. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. १८७५ मध्ये पंढरपुरातही असे गृह निघाले.

या गृहांनी जीव वाचवले, ते गुप्ततेच्या आधाराने. पण जी गुप्तता आईला तारते, तीच मुलाच्या जन्माची वाट पुसून टाकते. यशवंताला फुल्यांचे नाव मिळाले. सगळ्यांच्या वाट्याला असे घर थोडेच येते?

हा पेच आजही सुटलेला नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार आईला बाल कल्याण समितीपुढे मूल सोपवता येते आणि फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. दत्तक गेलेल्या मुलाला सज्ञान झाल्यावर आपल्या मुळांचा शोध घेता येतो. मात्र जन्मदात्रीची गोपनीयता सांभाळूनच. ज्यांना घरच मिळाले नाही, त्यांची अडचण आणखी वेगळी. जात ठाऊक नाही, मग दाखला कोठून आणायचा? त्यांच्यासाठी महाराष्ट्र सरकारला २०१८ मध्ये १ टक्का आरक्षण ठेवावे लागले.

आईचे गुपित मोठे की मुलाचा हक्क, असा हा झगडा वरवर दिसतो. वास्तविक दोघांनाही एकाच गोष्टीने अडवले आहे, आणि ती म्हणजे आपली लोकलज्जा. ती आहे तोवर आईचे गुपित जपावेच लागेल. त्याचबरोबर संस्थेच्या कपाटातली मुलाची फाइलही तितक्याच काळजीने जपली पाहिजे. अन्नवस्त्र कोणीही दान करील. पण मुलाची वडिलोपार्जित म्हणावी अशी मिळकत काय ती त्या फाइलीतच असते.