एक अश्वशक्तीचं घर

आपल्या राज्यातल्या विकास नियंत्रण नियमावल्यांमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून आहे. निवासी भागात घरच्या माणसांनी, पगारी मजूर न लावता, पारंपरिक घरगुती व्यवसाय करायला हरकत नाही, असं ते सांगतं. उदाहरणं दिली आहेत ती शिवणकाम, भरतकाम आणि बटणं बनवण्याची. यंत्र लावायचं असेल तर विजेचा एकूण भार ०.७५ किलोवॅटच्या, म्हणजे एक अश्वशक्तीच्या, वर जाता कामा नये.

स्वयंपाकघरातला साधा मिक्सर ७५० वॅटचा असतो. म्हणजे खोबऱ्याची चटणी वाटायला जेवढी ताकद लागते, तेवढ्या ताकदीत तुम्ही घरी बसून पोट भरू शकता. त्याच घरात दोन किलोवॅटचा गिझर चालतो, दीड टनाचा एसी रात्रभर घरघरतो, लग्नाच्या वरातीचा डीजे खिडक्यांच्या काचा हलवतो. तिथे अश्वशक्ती मोजायला कुणी येत नाही.

नियमाची बाजू मला कळते. निवासी गल्लीत पिठाच्या गिरणीशेजारी राहिलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. पण हा नियम नीट वाचला की एक गंमत दिसते. बंधन आहे ते व्यवसायावर. मी हौस म्हणून घरामागे दोन अश्वशक्तीची करवत बसवली आणि रविवारभर लाकूड कापत बसलो, तर हे कलम माझ्या आड येत नाही. त्याच करवतीवर एखाद्या सुताराने गिऱ्हाइकाची खुर्ची केली, की तो कारखाना. आवाज तोच, भुसा तोच. माझं भांडण इथून सुरू होतं.

सातारा-सांगलीच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं जुनं घर आहे. घरामागच्या मोकळ्या जागेत, घरापासून सुटी, बारा बाय वीस फुटांची कार्यशाळा बांधायची मी ठरवली आहे. पोटापाण्यासाठी मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या घरात गेल्या तीन पिढ्यांत खिळा ठोकण्यापलीकडे कुणी हत्यार धरलेलं नाही, आणि त्याचा आम्हाला एक सूक्ष्म अभिमानही आहे.

सुटी का, तर आवाज, धूळ आणि आग या तिन्ही गोष्टी झोपायच्या खोलीला लागून नकोत म्हणून. वीस फूट का, याचं उत्तर प्लायवूडमध्ये आहे. प्लायचा तक्ता आठ बाय चारचा येतो. तो लांबीत कापायचा तर पात्याच्या अलीकडे आठ फूट हवेत आणि पलीकडेही आठ फूट. मधलं मशीन आणि उभं राहणारा माणूस धरला की वीस फूट कधी संपले ते कळत नाही. दार सहा फुटी, दोन पाखांचं. पत्रा दहा फुटांवर, कारण एप्रिल-मे महिन्यांत तो डोक्यावर तवा होतो. गरम हवा वर जाऊन बाहेर पडायला माथ्याशी फट हवी आणि पत्र्याखाली उष्णतारोधक थर हवा.

खरी डोकेदुखी जमिनीची आहे. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आकसते. तिच्यावर नुसता कोबा ओतला तर दोन पावसाळ्यांत फरशी नागमोडी होते आणि मशीन डुगडुगू लागतं. म्हणून आधी चाचणीचा खड्डा घेतला. साडेचार फुटांवर मुरूम लागला. पाया तिथवर न्यायचा, फरशीखालची काळी माती काढून मुरूम दाबून भरायचा, वर सोलिंग, त्यावर ओल चढू नये म्हणून प्लास्टिकचा जाड कागद, मग सळईच्या जाळीसकट चार-पाच इंच काँक्रीट. वीज घरातून जमिनीखालच्या आर्मर्ड केबलने न्यायची. शेडला स्वतंत्र बोर्ड, स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी. या शेवटच्या वस्तूवर पैसे वाचवू पाहणाऱ्याशी मी बोलत नाही.

हे सगळं ऐकल्यावर लोक दोन प्रकारे बोलतात. नातेवाईक म्हणतात, “इंजिनिअर झालास ते सुतारकी करायला का?” ऑफिसमधले म्हणतात, “वा, लकी आहेस! हाताने काहीतरी करण्यात जी शांती आहे ना…”

पहिल्या वाक्यातली जात उघडी आहे, निदान ती दिसते तरी. मला जास्त राग येतो तो दुसऱ्याचा. रंधा मारण्यात शांती असते, असं आजवर मला एकाही सुताराने सांगितलेलं नाही. सांगतात ते कंबरेबद्दल, गुडघ्यांबद्दल, अडकलेल्या पैशांबद्दल. एकाच्या पोटाचं काम दुसऱ्याने मनाच्या औषधासाठी घ्यायचं आणि वर त्याचं कौतुक पहिल्यालाच ऐकवायचं, ही बडेजावाची नवी रीत आहे. पूर्वी आपण कष्टाला शिवत नव्हतो. आता शिवतो ते रविवारी, महागडा ॲप्रन घालून, फोटो काढून.

आणि आम्ही इंजिनिअर म्हणजे तर कहर. पहिल्या वर्षाला ‘वर्कशॉप’ नावाचा विषय असतो. लोखंडाची पट्टी कानशीने घासून दोन तुकडे एकमेकांत अचूक बसवायचे, लाकडाचा एक सांधा करायचा. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणांचे जॉब आयते तयार होऊन आले होते आणि जर्नल मात्र मोत्यासारख्या अक्षरात पूर्ण होती. कानस कशी धरायची ते शिकवणारे मदतनीस आयटीआयचे. हजेरीवर सही प्राध्यापकांची. पदवी कशासाठी घ्यायची असते, ते आम्हाला पहिल्याच सत्रात कळलं. पुढे नोकरीत खंडेनवमीला आम्ही लॅपटॉपला हळदकुंकू वाहतो आणि झेंडूची माळ घालतो. हत्याराची पूजा करायला आपली कधीच ना नव्हती. ते हातात घ्यायला होती.

यावर हमखास गॅरेजची गोष्ट येते. पालो आल्टोमधल्या ॲडिसन अव्हेन्यूवरच्या छोट्याशा गॅरेजात १९३९ साली ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी कंपनी काढली, त्या जागेवर आज सिलिकॉन व्हॅलीचं जन्मस्थान म्हणून फलक आहे. ॲपलच्या गॅरेजबद्दल तर खुद्द वॉझ्नियॅकने २०१४ साली सांगून टाकलं, की त्यात दंतकथेचा भाग मोठा आहे, खरं काम तिथे फारसं झालंच नाही. पण आपल्याला दंतकथाच हवी असते. कारण त्या गॅरेजातून माणूस बाहेर पडतो आणि मालक होतो. हात काळे करायचे ते पुन्हा कधी काळे करावे लागू नयेत म्हणून, हा त्या गोष्टीचा आपण काढलेला अर्थ.

गोष्टच हवी तर जवळची घ्या. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. ब्राह्मण मास्तराने सायकली दुरुस्त करायच्या, हे तेव्हा किती जणांच्या पचनी पडलं असेल याचा अंदाज आपण करू शकतो. पुढे कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला. आणि मग काय झालं? बेळगावच्या नगरपालिकेच्या वस्तीविस्ताराच्या योजनेत कारखान्याची जागा गेली. औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ दिला म्हणून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. नगररचना आणि हातोडा यांचं वैर असं जुनं आहे. फरक इतकाच, की प्रत्येक सुताराच्या नशिबी औंधचा राजा नसतो.

डॉ. श्रीनाथ कालबाग यांची आठवण इथे काढायलाच हवी. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतल्या मुलामुलींनी वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती ही गावाला लागणारी कामं प्रत्यक्ष करावीत आणि त्यातूनच विज्ञान शिकावं, ही त्यांची मांडणी. गावातली कामं घेऊन मुलं शिकतात, आणि काम नीट झालं नाही तर गावकरी ते घेत नाही. यात शांती वगैरे काही नाही. पण आपल्या वर्गाने या शिक्षणाला दाद दिली ती ‘खेड्यातल्या मुलांसाठी छान’ अशी. स्वतःच्या मुलांना रोबोटिक्सच्या क्लासला घातलं, जिथे रंगीत तुकडे एकमेकांत खटकन बसतात आणि नख काळं होत नाही.

आता मूळ मुद्दा, ज्यामुळे हा नकाशा मला तीनदा बदलावा लागला.

तुमच्या फ्लॅटचं फर्निचर कुठे तयार झालं? तुमच्याच हॉलमध्ये. महिना-दीड महिना तीन-चार माणसं फरशीवर उकिडवी बसून प्लाय कापत होती. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खिडक्या-दारं बंद. हातातल्या ग्राइंडरला लाकडाचं पातं लावलेलं, कारण ते स्वस्तात होतं. पात्यावरचं गार्ड काढून टाकलेलं, कारण मोठं पातं त्यात बसत नाही. तोंडाला रुमाल, तोही असला तर. लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली स्पष्ट वर्गीकरण करून सांगितलं आहे. प्लायच्या धुळीत चिकटवायच्या रेझिनची भर पडते. काम संपलं की आपण घराची सफाई करून घेतो, वास जावा म्हणून आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवतो आणि मग राहायला जातो. आठवडाभर! ज्यांनी दीड महिना तो वास घेतला, ते तोवर पुढच्या फ्लॅटमध्ये खिडक्या लावून बसलेले असतात.

आणि माझ्यासारखा हौशी माणूस, महिन्यातले चार दिवस लाकूड कापणारा, पहिली कुठली वस्तू घेतो? धूळ ओढणारं यंत्र. दुसरी, नाकाला घट्ट बसणारा मास्क. म्हणजे कामाची चांगली जागा कशी असावी हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. ज्याचं ते रोजचं काम आहे, त्याच्या वाट्याला ती येत नाही.

म्हणून आमच्या शेडमध्ये दोन बाकं असतील. दुसरं आमच्याच गल्लीतल्या एका मिस्त्रींचं. भाड्याने, तासाच्या ठरलेल्या दराने. उपकार म्हणून नाही आणि ‘कोलॅबोरेशन’ म्हणूनही नाही. भाड्याचा बोळ गेल्यापासून ते गिऱ्हाइकाच्या पायरीवर काम करतात. पण असं केलं की शेड ‘व्यवसायात’ मोडते आणि ती एक अश्वशक्ती मानगुटीवर बसते. नकाशा काढून देणाऱ्याने फार आपुलकीने सल्ला दिला: “पार्किंग लिहा ना, कोण बघतंय?” गाव अशा पार्किंगांनी भरलेलं आहे. शटर अर्धं ओढून आत वेल्डिंग चालतं, आणि अर्ध्या ओढलेल्या शटरमागे ना हवा असते ना नीट वायरिंग, कारण अधिकृतपणे तिथे मोटारसायकल उभी असते. काम लपवायला लावणारा नियम कामगाराला सुरक्षित ठेवत नाही, शेजाऱ्यालाही नाही.

मी नकाशात ‘कार्यशाळा’ असंच लिहिलं आहे. फाइल अजून टेबलावर आहे.

मला सूट नको आहे. मोजायचं ते त्रासाला मोजा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी ठरलेली आहे. ती लावा; कुंपणावर मीटर धरा, कामाचे तास बांधून द्या, धूळ बाहेर पडली तर दंड करा. भिंती आतून भरून घेणं, दार रस्त्याऐवजी परसाकडे काढणं, दुपारी दोन ते चार मशीन बंद ठेवणं, हे सगळं मी आराखड्यात आधीच घेतलं आहे. पण करवतीमागे उभा असलेला माणूस हौशी आहे की पोटार्थी, हे विचारून नियम लावू नका.

मिस्त्रींना नकाशा दाखवला तेव्हा त्यांनी धूळ ओढणाऱ्या यंत्राकडे फारसं लक्ष दिलं नाही. दोनच गोष्टी सांगितल्या. हत्यारांना वेगळं कपाट हवं आणि त्याची किल्ली फक्त त्यांच्याकडे. आणि खिडकी. मी ती त्यांच्या बाकाच्या डाव्या अंगाला काढली होती, कारण सगळीकडे तसंच सांगितलेलं असतं. ते डावखुरे आहेत. त्यांच्याच हाताची सावली खुणेच्या रेघेवर पडणार. बाक समोरच्या भिंतीला नेलं की उजेड उजवीकडून येतो, पण मग दाराचं एक पाखं त्याला अडतं. या आठवड्यात दाराचं बघतो आहे.