अडीचशेची चप्पल आणि लंगडा हंगाम

आज पिकाचं नाही, पायाचं लिहितोय.

मागच्या मृगात सकाळी दुधाचे दोन कॅन बांधून डेअरीला निघालो होतो. रात्री पाऊस झालेला. समोरून ट्रॉली आली म्हणून साईडपट्टीवर उतरलो आणि चिखलात गाडी डावीकडं बसली. वेग वीसच्या आतच होता. पायातली चप्पल कुठं उडाली ते पोरांनी नंतर शोधलं. पाय मात्र गियरची दांडी आणि रस्ता यांच्यामध्ये सापडला. घोट्याच्या हाडाला चीर, वरून सहा टाके.

दवाखान्याचं बिल सोडा, खरं नुकसान पुढंच झालं. चार दिवसांनी रानाला वाफसा आला आणि मी खाटेवर. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं उरकली. तो माणूस वाईट नाही, पण मागं चालत माती उकरून खोली बघणारं कुणी नव्हतं. सोयाबीनचं बी तीन ते पाच सेंटिमीटर जायला पाहिजे, खालच्या पट्टीत ते बरंच खोल गेलं. वर जोराचा पाऊस होऊन माती आवळली. उगवण विरळ, एकरभर रानात दुबार बी टाकावं लागलं. अडीचशे रुपयांच्या चपलेनं अख्खा हंगाम लंगडा केला. वाफसा कुणाचा पाय बरा व्हायची वाट बघत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. गाडीवर घालायचा बूट हे औजार आहे. फाळ घेताना आपण लोखंड बघतो, नोझल घेताना फवारा बघतो, आणि रोज ज्या पायानं गियर, ब्रेक, किक मारतो त्या पायासाठी "घालायला सोपं" एवढंच बघतो. हेल्मेट आधी, त्यात वाद नाही. पण हेल्मेट घेतलेला माणूसही खाली चपलेवरच असतो.

"गंबूट आहे की" असं बरेच जण म्हणतात. गंबूट पाण्यात, दारं धरायला, फवारणीला उत्तम. गाडीवर मात्र तो सैल पडतो, टाच आत हलते, गियर पडला का नाही ते पायाला कळत नाही. घोट्याला आधार शून्य. सायलेन्सरला टेकला की वितळतो. पडल्यावर चपलेसारखाच निघून जातो. जाळीचा स्पोर्ट शूज चपलेपेक्षा बरा, पण घोटा उघडा, पाणी थेट आत, आणि काही महिन्यांत डाव्या पायाचा पंजा गियरच्या दांडीपाशी फाटतो.

मग बघायचं काय? मी दुकानात उभा राहून जे तपासलं ते सांगतो.

उंची: घोट्याची दोन्ही हाडं झाकली पाहिजेत. गाडी पायावर पडते तेव्हा मार तिथंच बसतो. बहुतेक साध्या गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडं असतो, तिथला चटकाही याच उंचीनं वाचतो.

टाच: मागची टाच बोटांनी दाबून बघा. आमटीच्या पापडासारखी आत गेली तर ठेवून द्या. मग एका हातात पंजा, दुसऱ्या हातात टाच धरून ओला कपडा पिळतो तसा बूट पिळा. सहज पिळला तर तो पायही तसाच पिळू देणार. वाकायला मात्र पाहिजे, पण बोटांच्या मुळाशी, मधोमध नाही.

सोल: रबराचा सोल पाण्यातही धरतो आणि उष्णता सोसतो. पीयूचा सोल हलका असतो, पण ओलीनं त्याचा आतून भुगा होतो. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला बूट नवा दिसतो आणि पहिल्या पावसाळ्यात तळ सोडतो, म्हणून पीयू घेणार असाल तर बनवल्याचा महिना बघा. सोल वर नुसता चिकटवलाय का शिवलाय तेही बघा. शिवलेला असेल तर झिजल्यावर गावातला कारागीर नवा तळ बसवून देतो.

नक्षी: आपल्या काळ्या रानात फार बारीक नक्षीचा तळ दोन पावलांत भरतो आणि फूटरेस्टवर साबणासारखा घसरतो. मोकळी, रुंद खाच घ्या. तरीही किक मारायच्या आधी बांधावरच्या दगडावर तळ खरवडायची सवय लावा. चिखलाचा पाय किकवरून सटकला की किक उलटी नडगीवर बसते, हे सांगायला नको.

पंजा: इथं लोक फसतात. सेफ्टी शूज मजबूत, स्वस्त, तालुक्याला मिळतात. पण पुढची लोखंडी टोपी जाड असली तर गियरच्या दांडीखाली पंजा जातच नाही. माझी गाडी पुढं बोटानं, मागं टाचेनं गियर पडणारी, मला चाललं. एकाच बाजूची दांडी असेल तर दुकानाबाहेर गाडीवर बसून दोन-चार वेळा गियर टाकून बघा, लाजू नका. सेफ्टी शूजवर आयएसआय खूण आणि आयएस 15298 हा क्रमांक असतो. त्यातला भाग 2 म्हणजे 200 ज्यूलचा मार सोसणारी टोपी, भाग 4 मध्ये टोपी नसते. गाडीपुरता वापर असेल तर भाग 4 चा हलका बूट बघायला हरकत नाही.

लेस: लोंबती लेस गियरच्या दांडीत नाहीतर फूटरेस्टला अडकते आणि थांबताना पाय खाली टेकतच नाही. गाठ मारून टोकं आत खोचा. बाजूला चेन असलेला बूट असेल तर अजून सोपं.

माप: संध्याकाळी जा, पाय तेव्हा थोडा सुजलेला असतो. जो मोजा रोज घालणार तोच घालून बघा.

आता पैशाचं. मी 1,800 चा चामड्याचा बूट घेतला. दोन वर्षं टिकला आणि वर्षाचे तीनशे दिवस घातला तर दिवसाला तीन रुपये पडतात. चहापेक्षा स्वस्त. आधी वर्षाला तीन चपला तोडत होतो, तो हिशोब कुणी धरत नाही. ज्यांना एवढे जमत नाहीत त्यांनी साधा, घोट्यावर येणारा सेफ्टी शूज घ्यावा. तो चपलेपेक्षा शंभर पटीनं बरा.

एक गोष्ट मात्र ठामपणे: हा चामड्याचा बूट घालून फवारणी करू नका. चामडं औषध पिऊन घेतं, धुतलं तरी निघत नाही, आणि मग दिवसभर ते पायाला लागून राहतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते विसरून चालणार नाही. फवारणीचा गंबूट रानातल्या खोपीतच ठेवा, गाडीचा बूट गाडीला. दोन कामं, दोन औजारं.

भिजलेला बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, चामडं तडकतं. आत रद्दी कोंबून सावलीत वाऱ्याला ठेवा, रद्दी बदला, वाळल्यावर मेणाचं पॉलिश. सकाळी घालायच्या आधी उलटा करून आपटा. विंचू आपली वेळ विचारत नाही. रात्रीच्या लाईटला मोटर चालू करायला गाडी लावून बांधानं चालत जाता, तेव्हाही झाकलेला घोटा कामाला येतो.

शेवटी आपल्या कृषी सहाय्यक आणि कंपनीच्या प्रतिनिधी मित्रांना विनंती. तुम्ही आमच्यापेक्षा जास्त गाडी चालवता आणि निम्मे जण सँडलवर येता. शिवारफेरीत मास्क-हातमोज्यांचं सांगता तसं दोन मिनिटं पायाचंही सांगा, आणि स्वतः बूट घालून या. आमची माणसं ऐकण्यापेक्षा बघून लवकर शिकतात.

माझा घोटा अजून ढगाळ हवेत ठणकतो. यंदा मृगाआधी बियाणं, खत आणलं तेव्हा यादीत बूट पहिला लिहिला होता. तुमच्या यादीत आहे का बघा.