पाहुणेपणाची सवलत

शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या तरुणांना परदेशातील शाळांत काही काळ पाठवण्याची प्रथा आता अनेक विद्यापीठांत रुळली आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठ १९७० च्या दशकापासून आपल्या भावी शिक्षकांना परक्या समाजात राहावयास धाडत आले आहे. नवाहो आदिवासींच्या शाळांत आणि समुद्रापलीकडील देशांतही. व्यापारी घराण्यांतील मुले व्यवस्थापनशास्त्र शिकण्यासाठी किंवा पेढीच्या कामासाठी परदेशी निघाली, तर कुणी कारण विचारीत नाही. शिक्षिका होऊ पाहणारी कन्या परदेशच्या शाळांकडे निघाली, की मात्र घरातील वडीलधारे विचारतात, ‘शाळेत जाऊन पाहायचे ते काय?’ हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नव्हे. दीडशे वर्षांपूर्वी तीन जपानी तरुणांनी केलेल्या प्रवासात त्याचे बरेचसे उत्तर सापडते.

जपानने १८७२ मध्ये सर्वांसाठी शिक्षणाचा कायदा केला. शाळा उघडल्या, पण नव्या पद्धतीने शिकवणार कोण? म्हणून १८७५ मध्ये तेथील शिक्षण मंत्रालयाने तिघांना अमेरिकेतील अध्यापक विद्यालयांत पाठवले. इसावा शूजी मॅसॅच्युसेट्समधील ब्रिजवॉटरला गेले, ताकामिने हिदेओ न्यूयॉर्क राज्यातील ऑस्वेगोला आणि कोझू सेन्झाबुरो ऑल्बनीला. यांतील इसावा हे आधीच आइची येथील अध्यापक विद्यालयाचे प्रमुख होते. वय पंचविशीच्या आत. प्रमुखाच्या खुर्चीवरून उठून ते परक्या भाषेतील वर्गात विद्यार्थ्यांच्या बाकावर बसले.

अभ्यासक्रमातील इतर विषय त्यांनी निभावून नेले. अडले ते गाण्यापाशी. ब्रिजवॉटरमध्ये प्रत्येक भावी शिक्षकाला गायन शिकावे लागे. जपानी कानाला सवयीच्या सुरावटी वेगळ्या. पाश्चात्त्य सप्तकातील चौथा आणि सातवा स्वर इसावांच्या गळ्यात काही केल्या बसेना. विद्यालयाचे प्राचार्य आल्बर्ट बॉयडन सहृदय गृहस्थ होते. दूरदेशीच्या या विद्यार्थ्याला त्यांनी गायनातून सूट देऊ केली. दुसरा कुणी असता तर आभार मानून मोकळा झाला असता. इसावांना मात्र त्या सवलतीचे इतके दुःख झाले, की तीन दिवस ते शोकात बुडाले होते, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. देशाने सर्व विषय शिकून यावयास पाठवले असताना एक विषय सोडून परत कसे जावयाचे, हा त्यांचा सल होता.

सूट नाकारून ते बॉस्टनमधील संगीतशिक्षक ल्यूथर व्हाइटिंग मेसन यांच्याकडे शिकू लागले. इंग्रजी उच्चार सुधारावेत म्हणून त्यांनी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे घर गाठले. बेल तेव्हा बहिऱ्यांना बोलावयास शिकवीत, आणि त्याच सुमारास त्यांचा दूरध्वनी आकाराला येत होता. त्या नव्या यंत्रावर इसावा आणि त्यांचे मित्र कानेको केंतारो जपानीत बोलले. ही हकिकत बहुधा गंमत म्हणून सांगितली जाते. पण मूळ गोष्ट अशी, की एक शिक्षक आपली जीभ नीट वळावी म्हणून गुरू शोधीत हिंडत होता.

ताकामिने यांचे वास्तव्य अधिक शांतपणे पार पडले. ऑस्वेगोमध्ये ते हर्मान क्रूसी या अध्यापकांच्या घरी राहत. या क्रूसींचे वडील पेस्तालोझींचे सहकारी होते. आधी वस्तू मुलाच्या हाती द्यावी, तिचे नाव व व्याख्या नंतर, ही तेथील रीत. मराठीत ‘वस्तुपाठ’ हा शब्द आज आदर्श उदाहरण या अर्थाने रूढ आहे. अध्यापनात त्याचा अर्थ हाच होता. घरात राहिल्यामुळे ही रीत वर्गात आणि जेवणाच्या मेजावर कशी वावरते, हे ताकामिने यांना दिसले असणार. १८७८ मध्ये परतल्यावर तोक्यो येथील अध्यापक विद्यालयात त्यांनी ती रुजवली.

इसावाही १८७८ मध्येच परतले. पुढच्याच वर्षी संगीतशिक्षणाच्या अभ्यासाचे सरकारी काम त्यांच्याकडे आले आणि १८८० मध्ये त्यांनी खुद्द मेसन यांना जपानला बोलावून घेतले. पाश्चात्त्य संगीत जसेच्या तसे उचलावयाचे नाही, दोहोंच्या मिलाफातून नवे घडवावयाचे, असे त्यांचे धोरण होते. पुढे जपानी शालेय गीतांत चौथा व सातवा स्वर वगळलेली स्वरपंक्ती फार लोकप्रिय झाली. भूप रागात म आणि नि वर्ज्य असतात, तीच ही रचना. एका जुन्या स्कॉटिश चालीवर ‘काजव्यांचा प्रकाश’ या नावाचे जपानी गीत बसवले गेले. निरोप समारंभांत ते पिढ्यान्‌पिढ्या गायिले गेले आणि आजही जपानमधील अनेक दुकानांत बंद होण्याची वेळ झाली, की गिऱ्हाइकांना सूचना म्हणून हीच चाल वाजते.

येथवरची कथा सुखाची. पण १८९५ मध्ये जपानने तैवान घेतले, आणि तेथील शिक्षणखात्याचे प्रमुख म्हणून गेले ते हेच इसावा. तैपेईजवळच्या टेकडीवर त्यांनी जपानी भाषेची शाळा काढली. स्थानिक भाषेचा त्यांनी अभ्यास केला, हेही खरे. तथापि ज्याला एके काळी परक्या वर्गात पाहुणा म्हणून सवलत मिळत होती, तो आता जेत्याच्या बाजूने शिकवीत होता. १ जानेवारी १८९६ रोजी त्या शाळेचे सहा जपानी शिक्षक बंडखोरांच्या हातून मारले गेले. इसावा तेव्हा जपानमध्ये होते. परक्या शाळेत नम्रपणे शिकणे आणि परक्या समाजात नम्रपणे शिकवणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली साधली म्हणून दुसरी आपोआप येत नाही.

आजच्या भावी शिक्षकांच्या सहलींत ही दुसरी बाजू सहसा कुणी विचारात घेत नाही. दहा दिवसांत पाच शाळा, प्रत्येक ठिकाणी स्वागतगीत आणि मुलांसोबत छायाचित्र, असा बेत असेल तर ती पाहुण्यांची सहल होय. तीत पूर्ण मोकळीक असते. चुकण्याची संधी मात्र नसते. घरातल्या कन्येला असे निमंत्रण आले, तर मालाचा नमुना पारखावा तशी त्याची पारख करावी. ती हॉटेलात उतरणार की एखाद्या कुटुंबात? एकाच वर्गासमोर ती किती दिवस उभी राहणार? तिथला शिक्षक तिचा पाठ पाहून उणिवा सांगणार का? आणि परतल्यावर जे शिकली ते करून पाहण्यासाठी इथल्या शाळेतील कोणता वर्ग तिच्या हाती येणार? त्या तिघांच्या बाबतीत या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जहाज सुटण्यापूर्वीच ठरलेले होते.