दानाला वार लावूया



आपल्याकडे सगळे ख्रिस्ती एकाच पंगतीत बसवले जातात. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. वानलेस यांनी 1894 साली सुरू केलं, ते प्रेसबिटेरियन पंथाचे. पाचगणीचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट मात्र कॅथलिक सिस्टरांचं. आपल्यात दिगंबर-श्वेतांबर, तसंच त्यांच्यात. आज लिहितेय ते कॅथलिक बायकांच्या एका जुन्या मंडळाबद्दल.

1617 साली फ्रान्समधल्या शातियों गावात एक अख्खं घर आजारी पडलं. धर्मगुरू व्हिन्सेंट द पॉल यांनी ते प्रवचनात सांगितलं आणि त्याच दिवशी गावच्या बायका अन्न घेऊन रांगेनं निघाल्या. त्यांच्या लगेच लक्षात आलं, आज ढीगभर आलेलं नासणार आणि परवा ते घर पुन्हा उपाशी. म्हणून त्यांनी बायकांचं मंडळ बांधलं. प्रत्येकीचा वार ठरला. पैशाच्या पेटीला दोन कुलपं, किल्ल्या दोघींकडे. हिशोब द्यायचाच. मी कॉमर्सची, मला हे फार आवडलं. पण त्याहून मोठा नियम असा: ज्यांच्याजवळ कोणी आहे त्यांच्याकडे आधी जा, एकट्या माणसाकडे शेवटी, म्हणजे तिथे जास्त वेळ बसता येईल. हे मंडळ आजही अनेक देशांत, भारतातही, काम करतं.

पुढे पॅरिसच्या श्रीमंत बायका मंडळात आल्या आणि स्वतः जायच्याऐवजी मोलकरणी पाठवू लागल्या. मग 1633 साली लुईज द मारियाक यांच्याबरोबर खेड्यातल्या साध्या मुलींचा सेवासंघ उभा राहिला. आपलंही तसंच होतंय. पैसे मोबाइलवरून, डबा ड्रायव्हरबरोबर.

भावना आपल्याला कुणाकडून शिकायची नाही. आहार, औषध, शास्त्र, अभय ही चार दानं आपल्या पाठातली. वैयावृत्त्य तर अंतरंग तपात मोजलंय. साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहातल्या सर्व जातींच्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं. कमी पडते ती व्यवस्था. महावीर जयंतीला दवाखान्यात फळं वाटतो, फोटो काढतो. दुसऱ्या दिवशी त्या खाटेजवळ कोण?

सांगली-साताऱ्यात आपल्याच घरांतून साठी-सत्तरीच्या बायका एकट्या राहताहेत. मुलं पुण्याला, परदेशात. पैशाची ददात नाही, पण ताप आला तर सूर्यास्ताआधी गरम भात वाढणारं कोणी नाही.

काही जणी म्हणतील, हे ख्रिस्ती लोकांचं, त्यांच्या सेवेत धर्मांतर असतं. ती शंका घ्यायची तर घ्या, पण वारांची वही कुणाचा धर्म बदलत नाही. पूर्वी आपल्या गावांत गरीब विद्यार्थी वार लावूनच जेवत आणि शिकत. ही रीत आपलीच आहे, ती आता म्हाताऱ्या बायांसाठी वापरायची.

एका गल्लीत सात जणी, सात वार. एक वही, खर्चावर दोघींच्या सह्या. घर जैनांचं की दुसऱ्या कुणाचं हे विचारायचं नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी फोन करावा, रोज, ठरल्या वेळी. पुढच्या बैठकीत हळदीकुंकवाच्या वाणाची चर्चा दहा मिनिटांनी कमी करा आणि तेवढ्या वेळात आपल्या गल्लीतली पहिली सात नावं लिहून काढा.