रोषणाईने शहर नांदत नाही

महानगराच्या जुन्या गाभ्यात चैतन्य कसे आणावे, याची चिंता हल्ली अनेकांना लागली आहे. त्यांत बांधकाम व्यावसायिक आहेत, नगररचनेचे सल्लागार आहेत आणि पालिकेतील उच्चपदस्थही आहेत. त्यांची औषधयोजना ठरलेली असते : पदपथांना नव्या फरश्या, पुरातन वास्तूंवर रोषणाई, वर्षाकाठी एखादा महोत्सव आणि चाळींच्या जागी गगनचुंबी मनोरे. हे सारे करूनही रस्ता संध्याकाळी ओस का पडतो, हा प्रश्न ही मंडळी विचारीत नाहीत, कारण त्याचे उत्तर त्यांच्या हितसंबंधांना मानवणारे नाही. शहराचे चैतन्य तेथे राहणाऱ्या आणि राबणाऱ्या माणसांनी निर्माण केलेले असते. त्या माणसांना हुसकावले की ते त्यांच्याबरोबरच निघून जाते.

मुंबईत याचा पुरावा पायी चालून पडताळता येतो. काळबादेवी, भुलेश्वर, लोहार चाळ या भागात खाली दुकान, माडीवर पेढी किंवा कारखाना आणि त्याहून वर बिऱ्हाडे अशी रचना पिढ्यान् पिढ्या चालत आली. पहाटे फुलबाजार भरतो, दिवसा कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या हमालांची वर्दळ असते, संध्याकाळी चाळीच्या गॅलऱ्या बोलू लागतात. याच शहरात समुद्रात भराव घालून नरिमन पॉइंट उभारले गेले. तेथे कार्यालये थाटली, वस्ती मात्र नावापुरतीच राहिली. म्हणून कचेऱ्या सुटल्या की तेथील रस्ते निर्जीव होतात. जेन जेकब्ज या अमेरिकन लेखिकेने १९६१ साली गजबजलेल्या वस्तीची चार लक्षणे मांडली होती : एकाच भागात अनेक व्यवहार, आखूड गल्ल्या, जुन्या-नव्या इमारतींची सरमिसळ आणि माणसांची पुरेशी दाटी. गिरगाव-काळबादेवीला ही चारही लक्षणे कोणा तज्ज्ञाच्या आराखड्याविना लाभली होती.

या चार लक्षणांखाली एक आर्थिक पाया असतो आणि सौंदर्यवादी त्याबद्दल मौन पाळतात. तो पाया म्हणजे परवडणारे भाडे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे कारकून, कंपोझिटर, शिंपी, खानावळवाली आणि छोटा दुकानदार यांना शहराच्या ऐन मध्यावर टिकून राहता आले. १८९३ साली ज्या केशवजी नाईक चाळीत मुंबईतला सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, ती अशाच सामान्य माणसांची वस्ती होती. फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला तोही शहराच्या मध्यभागी कामकरी जनता होती म्हणूनच. आज मोर्चांना आझाद मैदानाची हद्द आखून दिली आहे. गाभ्यातून माणसे गेली की त्यांचा आवाजही जातो, ही गोष्ट सत्ताधाऱ्यांच्या पथ्यावरच पडणारी आहे.

यावर प्रतिपक्षाचा एक आक्षेप वजनदार आहे आणि त्याला बगल देता कामा नये. गोठलेल्या भाड्यात मालकाने दुरुस्ती सोडली, पागडीचा काळा व्यवहार फोफावला आणि इमारती खचल्या. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारात इमारत कोसळून ३३ माणसे दगावली. मोडकळीला आलेल्या घरात जीव मुठीत धरून राहणे ही काही संस्कृती नव्हे, आणि चाळीचे गोडवे गाऊन भाडेकरूचे छप्पर सावरत नाही. पुनर्बांधणी झालीच पाहिजे. वाद आहे तो ती कोणी, कोणासाठी आणि कोणत्या हिशेबाने करायची याबद्दल. विकासक ती वाढीव चटईक्षेत्राच्या हिशेबाने करतो. भाडेकरूला सदनिका विनामूल्य मिळते खरी, पण उद्वाहन, पंप आणि पहारा यांचा मासिक खर्च पेलेनासा झाला की तो ती विकून उपनगराची वाट धरतो. रस्त्यालगतच्या दुकानांच्या ओळीची जागा वाहनतळाचे मजले घेतात. कायद्याने कोणालाही हुसकावलेले नसते, तरीही वस्ती उठलेली असते.

या हिशेबाला पर्याय नव्हता असे नाही. १९८६ साली म्हाडा कायद्यात ‘आठ-अ’ हे प्रकरण घालण्यात आले. ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केल्यास, मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला देऊन उपकरप्राप्त इमारत त्यांच्यासाठी संपादन करण्याची तरतूद त्यात होती. मालकवर्गाने तिला न्यायालयात आव्हान दिले आणि दशकानुदशके वाद चालला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने निर्वाळा दिला, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. मालकवर्गाला हर्ष झाला. परंतु कोणतीच खाजगी मालमत्ता तशी ठरू शकणार नाही, असे त्या निकालाने म्हटलेले नाही. साधन किती दुर्मीळ आहे, समाजाच्या हितावर त्याचा परिणाम काय, हे पाहण्यास वाव राहिला आहे. मुंबईच्या मध्यभागातील घरापेक्षा अधिक दुर्मीळ साधन कोणते, हा प्रश्न आता रस्त्यावर आणि विधिमंडळात विचारला गेला पाहिजे.

पदपथाचीही तीच कथा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण आणि विक्रेत्यांनी निवडलेल्या किमान ४० टक्के सदस्यांची समिती यांची तरतूद केली. त्यालाही दशक उलटले, तरी पालिकेचे धोरण गाडी पाठवून माल उचलण्यापलीकडे फारसे सरकलेले नाही. पादचाऱ्याला वाट हवी, हे खरेच आहे. पण रस्त्याकडेला उभ्या केलेल्या मोटारी जितकी जागा अडवतात, तितकी भाजीवालीची टोपली अडवीत नाही.

बेसावध राहिल्यास काय घडते याचा दाखला गिरणगावाने दिलेला आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न आला. १९९१ च्या नियमावलीने त्या जमिनीचे तीन वाटे सांगितले : एक शहराला मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली हा नियम केवळ रिकाम्या जमिनीपुरता आकसला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. एका उपवाक्याच्या फेरफाराने शहराचा वाटा बुडाला आणि चळवळीला त्याचे गांभीर्य फार उशिरा कळले.

गिरगाव, काळबादेवी, भेंडी बाजार येथे तीच चूक पुन्हा होता कामा नये. रहिवाशांच्या सहकारी संस्थांमार्फत स्वयंपुनर्विकास, त्यासाठी सरकारी हमीचे स्वस्त कर्ज, देखभालखर्चावर मर्यादा, तळमजल्यावर लहान दुकानांना हक्काची जागा आणि पथविक्रेता कायद्याची प्रामाणिक अंमलबजावणी, या मागण्या प्रत्येक चाळसमितीपर्यंत नेणे हे कार्यकर्त्यांचे आजचे काम आहे. विकासकाचा माणूस संमतिपत्र घेऊन जिना चढण्यापूर्वी कार्यकर्ता त्या जिन्यावर पोहोचलेला असला पाहिजे.