किती पट?
या आठवड्यात दुर्बिणींच्या दुकानात एक गृहस्थ लेकीसाठी दुर्बीण बघत होते आणि प्रत्येक नगाला एकच प्रश्न विचारत होते: ‘किती पट?’ मंडळी, दुर्बीण घेताना हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. ८×४२ मधला ८ सगळ्यांना दिसतो, ४२ कडे कुणी बघत नाही. पण खरी किंमत त्या ४२ मिलिमीटरच्या भिंगाची आहे. ४२ ला ८ ने भागा: सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये तो अडीचवर येतो, आणि भिगवणला झुंजुमुंजू होताना रोहित बघायचे तर उजेडच तर हवा असतो! शिवाय पट वाढली की हाताची थरथरही तितकीच वाढते. मोठी पट हवीच असेल, तर तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची दुर्बीण, घ्या. त्याची खरी जागा नेमबाजीच्या रेंजवर. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रोन, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या, प्रकारात जग जिंकलं, त्यातलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि गोळी ५.६ ची. सरावाच्या कागदावरचं एवढंसं भोक नुसत्या डोळ्यांना कसं दिसावं? आता लक्ष्यं इलेक्ट्रॉनिक झाली, तरी स्कोप मोडीत काढू नका. फोकस लक्ष्याच्या किंचित अलीकडे आणला की तापलेल्या हवेच्या लहरी दिसतात, आणि त्या ज्या बाजूला वाहतात तिकडे वारा गोळीला नेणार असतो. फक्त तिपाई वजनदार घ्या. तिच्यात काटकसर केलीत, तर महागडं भिंगही लटपटतं.